तस्करीतून सुटलेल्या माणसांच्या आरोग्यावर संशोधन : पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

माझ्या पहिल्या प्रश्नावलीत १४० प्रश्न होते. हिंसा, धमक्या, कोंडून ठेवणं, झोप, भीती, आत्महत्येचे विचार, सगळं क्रमवार मांडलेलं. निवारागृहातली पहिली मुलाखत सुरू झाली आणि साधारण चाळिसाव्या प्रश्नाला समोरची बाई गप्प झाली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "तीन महिने दाढ ठणकतेय. ते आहे का तुमच्या कागदात?" नव्हतं. मी वही मिटली आणि त्या दिवशी दंतवैद्य शोधण्यापलीकडे काही केलं नाही.

पुढे हा अभ्यास पूर्ण झाला, पण मधली दोन वर्षं मी ज्या चुका करत शिकले, त्यातल्या बऱ्याच कुणी आधी सांगितल्या असत्या तर टळल्या असत्या. तुम्ही सार्वजनिक आरोग्य, समाजकार्य, नर्सिंग, मानसशास्त्र किंवा वैद्यकशास्त्राचे विद्यार्थी असाल आणि मानवी तस्करीचे आरोग्यावर होणारे परिणाम हा विषय घ्यायचा विचार करत असाल, तर हे टप्पे तुमच्यासाठी आहेत.

१. आधी "तस्करी" या शब्दाशीच नीट भिडा

मराठीत हा शब्द फसवतो. तस्करी म्हटलं की सोनं, चंदन, अमली पदार्थ डोळ्यांपुढे येतात आणि सीमा ओलांडणं गृहीत धरलं जातं. माणसांच्या बाबतीत तसं नाही. कुणी स्वतःच्या गावात, स्वतःच्या घरात राहूनही तस्करीचा बळी असू शकतो. उलट पैसे देऊन चोरवाटेने सीमा पार करणारा माणूस तेवढ्यावरून तस्करीचा बळी ठरत नाही. ती स्थलांतरितांची चोरटी वाहतूक झाली आणि तिच्यासाठी संयुक्त राष्ट्रांचा वेगळा करार आहे. अर्थात अशा वाटेवर निघालेला माणूस पुढे शोषणात अडकू शकतो. म्हणून या दोन गोष्टी प्रत्यक्षात एकमेकींत मिसळलेल्या दिसतात.

पायाभूत व्याख्या २००० सालच्या पालेर्मो प्रोटोकॉलमधली, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या मानवी तस्करीविरुद्धच्या करारातली आहे. तो २००३ मध्ये लागू झाला. तिचे तीन भाग: कृती (भरती करणं, नेणं, आसरा देणं, ताब्यात घेणं), मार्ग (बळजबरी, फसवणूक, अपहरण, अगतिकतेचा गैरफायदा) आणि हेतू (शोषण). या मार्गांपैकी कुठलाही वापरला गेला असेल, तर त्या व्यक्तीने "हो" म्हटलं होतं की नाही याला अर्थ उरत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत मार्ग सिद्ध करायचीही गरज नाही. कृती आणि हेतू पुरेसे आहेत.

आता तुमच्या अभ्यासापुरती व्याख्या कागदावर उतरवा. "ज्यांना पोलिसांनी किंवा न्यायालयाने पीडित ठरवलं आहे तेच" अशी अट घातली, तर काम सोपं होतं, पण मग तुम्ही तस्करीचा अभ्यास करत नसून ओळख पटलेल्या प्रकरणांचा करत असता. तसं करायला हरकत नाही, फक्त शीर्षकात तसं लिहा. कायदेशीर शिक्क्यावर अवलंबून राहायचं नसेल, तर आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सक्तीच्या श्रमाची अकरा निर्देशकं दिली आहेत: ओळखपत्रं काढून घेणं, मजुरी अडवून ठेवणं, कर्जात जखडणं, ये-जा करू न देणं, एकटं पाडणं, बेसुमार जादा काम वगैरे. त्यांचे सरळ प्रश्न बनवता येतात. "तुमची तस्करी झाली होती का?" असं कधीही विचारू नका. बहुतेक माणसं स्वतःच्या आयुष्याला तो शब्द लावत नाहीत. "पगार मागितला तर काय व्हायचं?" असं विचारा.

२. प्रश्न लहान करा, आणखी लहान करा

"मानवी तस्करीचे आरोग्यावरील परिणाम" हा प्रबंधाचा विषय होऊ शकत नाही. ते एक क्षेत्र आहे. नवख्यांची सर्वांत मोठी गल्लत इथेच होते: डोक्यात फक्त लैंगिक शोषण असतं आणि बळी म्हणजे तरुण स्त्री असं चित्र असतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि तिच्या सहकारी संस्थांच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात २ कोटी ७६ लाख माणसं सक्तीच्या श्रमात होती. त्यातले ६३ लाख व्यावसायिक लैंगिक शोषणात, तर १ कोटी ७३ लाख खासगी क्षेत्रातल्या इतर कामांत. सक्तीचे श्रम आणि तस्करी या संकल्पना तंतोतंत एक नाहीत, पण प्रमाण लक्षात यावं. मासेमारीच्या बोटी, बांधकाम, शेती, वीटभट्ट्या, कारखाने, घरकाम. अलीकडे यात ऑनलाइन फसवणुकीची केंद्रंही आली. नोकरीच्या आमिषाने नेलेल्या शिकलेल्या, संगणक जाणणाऱ्या मुलांना तिथे कोंडून लोकांना गंडवायला लावतात. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने २०२३ मध्ये म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात १ लाखाच्या आसपास माणसं अशी अडकली असल्याचा अंदाज दिला होता.

प्रत्येक कामाचं दुखणं वेगळं. बोटीवर बोटं तुटतात, थंडीपाण्यात कातडी फुटते, दिवसचे दिवस झोप नसते. शेतात कीटकनाशकं. भट्टीवर उष्णता, धूळ आणि पाठ. घरकामात भाजणं, उपासमार, एकांत. लैंगिक शोषणात लैंगिक संसर्ग, नको असलेली गर्भधारणा, असुरक्षित गर्भपात. आणि सगळीकडे सामाईक असं एक: डॉक्टरपर्यंत न पोहोचता आलेलं जुनं आजारपण. मधुमेह, दमा, अपस्मार यांची औषधं मध्येच सुटतात. हा परिणाम कुणी फारसा मोजत नाही, म्हणून मुद्दाम सांगते.

प्रश्न लहान करायला मला एका चौकटीचा फार उपयोग झाला. संशोधक कॅथी झिमरमन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये तस्करीकडे टप्प्यांची साखळी म्हणून पाहायची पद्धत मांडली: भरती, प्रवास, शोषण, काही वेळा अटक-कोठडी, मग पुन्हा समाजात मिसळणं, आणि काहींच्या नशिबी पुन्हा तस्करी. प्रत्येक टप्प्यावर आरोग्याला वेगळा धोका आहे आणि मदतीची वेगळी संधीही. एक टप्पा, एक गट, एक-दोन आरोग्यप्रश्न असं धरा. उदाहरणार्थ, "मासेमारीच्या बोटींवरून परतलेल्या पुरुषांच्या कामातल्या जखमांवर उपचार झाले का, आणि झाले नाहीत तर का?" हे एका माणसाला, एका वर्षात, झेपतं.

३. आधी वाचा, कदाचित मुलाखती घ्याव्याच लागणार नाहीत

मी हे ठामपणे सांगते: जे उत्तर उपलब्ध नोंदींतून मिळतं, त्यासाठी कुणाला पुन्हा बोलतं करू नका.

सुरुवातीला हे चार अभ्यास शोधून वाचा. लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनच्या नेतृत्वाखाली युरोपातल्या सात देशांत मदतसंस्थांकडे आलेल्या २०७ स्त्रियांचा अभ्यास झाला. त्याचा अहवाल २००६ मध्ये आला. सेवा मिळायला सुरुवात झाली तेव्हा निम्म्याहून अधिक जणींना एकाच वेळी बारा किंवा त्याहून जास्त शारीरिक तक्रारी होत्या: डोकेदुखी, थकवा, चक्कर, पाठदुखी, विस्मरण. शारीरिक तक्रारी काही आठवड्यांत बऱ्याच कमी झाल्या, मानसिक तक्रारींना मात्र तीन महिन्यांच्या आसपास वेळ लागला. दुसरा, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला मेकाँग खोऱ्यातला अभ्यास: कंबोडिया, थायलंड आणि व्हिएतनाममधल्या सेवांमध्ये असलेल्या अकराशेहून अधिक पुरुष, स्त्रिया आणि मुलांच्या मुलाखती. त्यात ६१ टक्क्यांमध्ये नैराश्याची, ४३ टक्क्यांमध्ये चिंतेची आणि ३९ टक्क्यांमध्ये आघातोत्तर तणावाची म्हणजे पीटीएसडीची लक्षणं आढळली. सुमारे ५ टक्क्यांनी गेल्या महिन्याभरात आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं सांगितलं. हा शेवटचा आकडा वाचून तुमच्या आराखड्यात काय हवं याचा विचार करा, त्यावर पुढे येतेच. तिसरा, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला, लैंगिक शोषणातून नेपाळमध्ये परतलेल्या २८७ मुली-स्त्रियांचा: ३८ टक्क्यांना एचआयव्हीची लागण होती. हा अभ्यास मदतसंस्थेच्या नोंदी तपासून झाला, नव्या मुलाखती न घेता. आणि चौथा दक्षिण लंडनमधल्या मानसिक आरोग्यसेवेच्या संगणकीय नोंदींवरचा. नाव-गाव काढलेल्या रुग्णनोंदी शोधून तस्करीचा उल्लेख असलेले रुग्ण त्यातून ओळखले गेले. असा रस्ता तुम्हालाही मोकळा असू शकतो.

शोध घेताना एकच शब्द टाकून थांबू नका. ट्रॅफिकिंगबरोबर फोर्स्ड लेबर, मॉडर्न स्लेव्हरी, डेट बाँडेज, डोमेस्टिक सर्व्हिट्यूड, सेक्शुअल एक्स्प्लॉयटेशन हे सगळे शब्द वापरा. पबमेड या वैद्यकीय लेखांच्या शोधसाठ्याबरोबर मानसशास्त्राचे आणि समाजविज्ञानाचे शोधसाठेही पाहा. गंमत म्हणजे "ट्रॅफिकिंग" हा शब्द पेशीविज्ञानातही आहे, प्रथिनांच्या पेशीअंतर्गत वाहतुकीसाठी. पहिल्या शोधात मला शेकडो लेख पेशीपटलावरचे मिळाले होते. "ह्यूमन" किंवा "पर्सन्स" जोडल्याशिवाय हे थांबत नाही. संदर्भ ठेवायला झोटेरो हे सॉफ्टवेअर फुकट आहे. पद्धतशीर आढावा करणार असाल, तर प्रॉस्पेरो या आढाव्यांच्या नोंदवहीत आधी नोंद करा आणि आढावा कसा लिहायचा हे सांगणारी प्रिझ्माची तपासयादी जवळ ठेवा.

४. माणसं कुठे भेटणार, हे ठरवणं म्हणजे अर्धा निष्कर्ष ठरवणं

या टप्प्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला, तुम्हीही घालवा.

बहुतेक अभ्यास निवारागृहात होतात, कारण तिथे माणसं सापडतात. पण निवारागृहात पोहोचलेली माणसं कोण असतात? ज्यांची कुणीतरी सुटका केली, ज्यांना निवारागृहाने प्रवेश दिला, जी तिथे थांबली. पुष्कळ निवारागृहं फक्त स्त्रियांसाठी असतात, म्हणून पुरुष गायब. गंभीर मानसिक आजार किंवा व्यसन असलेल्यांना काही ठिकाणी घेतच नाहीत, म्हणून तेही गायब. जे स्वतःच पळून घरी गेले, ज्यांना परत पाठवलं गेलं, जे अजून आत आहेत, जे मेले, त्यांपैकी कुणी तुमच्या नमुन्यात नाही. तेव्हा निवारागृहातल्या नैराश्याचं प्रमाण काढून "तस्करीग्रस्तांपैकी इतक्या टक्क्यांना नैराश्य असतं" असं लिहिलं, तर ते चूक आहे. "सुटकेनंतर सेवा घेत असलेल्यांपैकी" एवढे शब्द जोडायला विसरू नका. लेखाच्या सारांशातही.

दुसरा पेच वेळेचा. सुटकेनंतर तिसऱ्या दिवशी भेटलेली व्यक्ती आणि सहाव्या महिन्यात भेटलेली व्यक्ती यांची तुलना होत नाही. प्रत्येकाची "सुटकेपासून किती दिवस" ही नोंद हवीच. निवारागृहातलं वातावरणही आरोग्यावर परिणाम करतं. दाराला कुलूप, फोन बंद, खटल्याची तारीख पुढे पुढे जाणारी. मग निद्रानाश तस्करीमुळे आहे की कुलपामुळे? हा प्रश्न स्वतःला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका, आणि "इथे राहताना कसं वाटतं?" हे प्रश्नावलीत घाला. मात्र उत्तर निवारागृहाच्या कर्मचाऱ्यांच्या कानावर जाणार नाही, याची व्यवस्था आधी करा.

तिसरा पेच तुलनेचा. शोषणाआधीचं आयुष्यही कठीण असू शकतं: दारिद्र्य, घरातली मारहाण, युद्ध, विस्थापन. तुलनेचा गट नसेल, तर सगळा आजार तस्करीच्या खात्यावर टाकला जातो. त्याच कामातले पण शोषणात न अडकलेले मजूर, किंवा त्याच भागातून स्थलांतर करून सुखरूप परतलेली माणसं, असा गट मिळाला तर उत्तम. मिळाला नाही तर निदान आधीच्या हिंसेबद्दल विचारा आणि कार्यकारणाचा दावा करू नका.

एकाने दुसऱ्याला आणायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला, अशी साखळीने नमुना घ्यायची पद्धत लपलेल्या समूहांसाठी वापरतात. तिचं सांख्यिकी रूप १९९७ पासून प्रचलित आहे. या विषयात ती जपून वापरा. ओळखीची साखळी तुमच्या कागदावर येणं म्हणजे तस्करांच्या हाती पडू शकणारा नकाशा तयार होणं. शिवाय साखळीत दलालही असू शकतो.

आणि जी माणसं अजून शोषणाच्या आत आहेत, त्यांच्या मुलाखती पहिल्याच अभ्यासात घेऊ नका. तुम्ही निघून जाता, मालक तिथेच असतो.

५. परवानगी आणि सुरक्षा

जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये तस्करीत सापडलेल्या स्त्रियांच्या मुलाखतींसाठी दहा शिफारशी प्रसिद्ध केल्या. त्या छापून टेबलासमोर लावा. पहिली: इजा करू नका. तिचा अर्थ त्या दस्तऐवजात अगदी थेट आहे. मुलाखतीने नुकसान होणार नाही अशी खात्री होईपर्यंत, ते होऊ शकतं असंच धरून चाला. तिसरी शिफारस मला सर्वांत कठीण वाटते: मदतीची माहिती तयार ठेवा आणि जे पाळता येणार नाही असं काहीही कबूल करू नका. समोरची व्यक्ती रडत असताना "मी बघते काहीतरी" असं तोंडून निघून जातं. मी म्हटलं होतं आणि पाळू शकले नव्हते. दुसऱ्या भेटीला ती व्यक्ती आली नाही.

सातव्या शिफारशीत स्त्रीने स्वतःच्या धोक्याचा केलेला अंदाज मानायला सांगितलं आहे. ती म्हणाली "आज नको", तर आज नको. कारण विचारू नका.

नैतिकता समितीकडे जाताना हे कागद लागतील:

- संशोधन आराखडा, त्यात वरची व्याख्या आणि नमुन्याच्या मर्यादा स्पष्ट लिहिलेल्या
- माहितीपत्रक आणि संमतीपत्र, सहभागी व्यक्तीच्या भाषेत, वाचून दाखवता येईल असं
- मदतसंस्थेशी लेखी करार: कोण काय देणार, माहिती कुणाची, मुलाखतीत कळलेलं संस्थेला सांगायचं की नाही
- प्रत्यक्ष फोन करून तपासलेली सेवांची यादी: डॉक्टर, स्त्रीरोगतज्ज्ञ, दंतवैद्य, समुपदेशक, वकील, रात्रीची आपत्कालीन सेवा
- आत्महत्येचा धोका, चालू हिंसा किंवा वैद्यकीय आणीबाणी आढळल्यास काय करायचं याची पायरीवार योजना, नावांसह
- माहितीच्या साठवणुकीची योजना
- संशोधकांच्या आणि दुभाष्यांच्या आधाराची योजना, तिच्या खर्चासह

संमतीपत्रावर सही घेणं इथे कधीकधी धोक्याचं असतं, कारण सही म्हणजे नाव. साक्षीदारासमोर तोंडी संमती चालेल का, हे समितीला विचारा. बहुतेकदा चालतं, पण कारण नीट मांडावं लागतं. ज्यांनी न समजणाऱ्या कागदांवर सह्या करून सगळं गमावलं, त्यांच्यापुढे पुन्हा एक कागद सरकवताना काय होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

मुलांवरील अत्याचाराची माहिती कळली तर ती कळवणं पुष्कळ देशांत कायद्याने बंधनकारक आहे. तुमच्या ठिकाणचा नियम आधी शोधा आणि संमती घेतानाच सांगा: "या या गोष्टी कळल्या तर मला सांगाव्या लागतील." आधी गुप्ततेचं वचन देऊन नंतर कळवणं हा सरळ विश्वासघात आहे.

आणखी एक सापळा निवारागृहाच्या अधीक्षकांचा. त्या म्हणतील, "आमच्या सगळ्या मुली तयार आहेत." हे ऐकलं की थांबा. जेवण, छप्पर आणि खटला ज्यांच्या हातात आहे, त्यांच्यासमोर नकार देणं किती अवघड आहे! प्रत्येकीला एकटीला, कर्मचारी नसताना, विचारा. नकार दिल्याचं कुणाला कळणार नाही अशी सोय करा. मी तर नकार देणाऱ्यांनाही तेवढाच वेळ खोलीत बसवत असे, चहा-गप्पांसाठी, म्हणजे बाहेरून फरक दिसत नसे.

६. मोजायची साधनं

मानसिक आरोग्यासाठी नवं काही बनवू नका. नैराश्य आणि चिंतेसाठी हॉपकिन्स सिम्प्टम चेकलिस्ट-२५, आघातासाठी इंडोचायनातल्या निर्वासितांसोबत काम करताना घडलेलं हार्वर्ड ट्रॉमा क्वेश्चनेअर, ही साधनं या क्षेत्रात जास्त वापरली गेलीत. नैराश्यासाठी पीएचक्यू-९ आणि चिंतेसाठी जीएडी-७ या प्रश्नावल्या छोट्या आणि मोफत आहेत. पीटीएसडीसाठी वीस प्रश्नांची पीसीएल-५ आहे. दीर्घकाळ, वारंवार झालेल्या आघातानंतर दिसणाऱ्या गुंतागुंतीच्या पीटीएसडीसाठी इंटरनॅशनल ट्रॉमा क्वेश्चनेअर पाहा. तस्करीच्या संदर्भात ते बऱ्याचदा जास्त जुळतं.

पण ही सगळी चाळणी आहे, निदान नव्हे. पीएचक्यू-९ मध्ये १० किंवा जास्त गुण आले म्हणजे "नैराश्याची लक्षणं लक्षणीय" एवढंच. ही मर्यादारेषा तुमच्या समूहात तपासली गेली आहे का, ते शोधा. नसेल तर तसं लिहा.

पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न मरण्याच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तो विचारला की उत्तर त्याच क्षणी पाहायचं, संध्याकाळी माहिती भरताना नाही. तुमच्याकडे त्याच दिवशी व्यक्तीला भेटेल असा प्रशिक्षित माणूस नसेल, तर मुलाखतच सुरू करू नका.

भाषांतराबद्दल थोडं सविस्तर. "तुम्हाला निराश वाटतं का?" या प्रश्नाला मला सारखं "नाही" उत्तर यायचं. तीच माणसं सांगायची, "मन कशात लागत नाही", "जीव घाबरा होतो", "डोकं भणभणतं", "छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं". प्रश्नाचा शब्दशः तर्जुमा करून, उलट भाषांतराने, म्हणजे पुन्हा मूळ भाषेत आणून, तपासून घेतला तरी हे पकडलं जात नाही. पाच-सहा जणांशी आधी बोला, त्यांचे शब्द टिपा, प्रश्न त्यांच्यासमोर मोठ्याने विचार करत सोडवून घ्या. त्याला एक आठवडा लागतो आणि पुढचे सहा महिने वाचतात.

शरीराबद्दलचे प्रश्न आधी ठेवा. डोकं, दात, डोळे, पाठ, पोट, लघवी, पाळी, त्वचा, जुन्या जखमा. डोक्याला मार लागून शुद्ध हरपली होती का, हे जरूर विचारा. विसरणं, चिडणं, झोप न लागणं ही लक्षणं मेंदूच्या दुखापतीतही दिसतात आणि पीटीएसडीतही. हा प्रश्न नसेल तर सगळं मनाच्या खात्यात जमा होतं आणि मेंदूची तपासणी कुणी करत नाही. माझ्या १४० प्रश्नांतून शेवटी ५२ उरले. हिंसेचा तपशील विचारणारे बहुतेक गेले. ती माहिती सहभागींच्या केसफाइलमध्ये आधीच होती आणि माझ्या प्रश्नाला ती लागतही नव्हती.

७. मुलाखतीच्या दिवशी

खोलीला आतून लावता येणारं पण बाहेरून कोंडता न येणारं दार हवं. खुर्ची दाराच्या बाजूची त्यांना द्या. फोटो नाही. रेकॉर्डिंग विचारूनच, आणि चौकशीची आठवण होत असेल तर नाहीच. दुभाषा त्यांच्याच छोट्या समुदायातला असेल, तर आधी आवाज फोनवर ऐकवून "यांना ओळखता का?" असं विचारा. आम्ही एकदा असं केलं म्हणून मोठा प्रसंग टळला.

हकिगत सलग यावी अशी अपेक्षा ठेवू नका. तारखा चुकतात, क्रम उलटा होतो, पहिल्या आणि दुसऱ्या भेटीतलं बोलणं जुळत नाही. आघातानंतरची स्मृती अशीच तुटक असते. शिवाय बऱ्याच जणांना खिडकी नसलेल्या खोलीत दिवस-रात्र कळलेलेच नसतात. विसंगती दिसली की उलटतपासणी करू नका, नोंद करा आणि पुढे जा.

मुलाखत कठीण प्रश्नावर संपवू नका. शेवटची दहा मिनिटं साध्या गोष्टींसाठी ठेवा: आज पुढे काय करणार, कुणाशी बोलावंसं वाटतं. लागणाऱ्या सेवेचा पत्ता कागदावर लिहून देण्याआधी विचारा की तो कागद जवळ ठेवणं सुरक्षित आहे का.

८. स्वतःची आणि सहकाऱ्यांची काळजी

दिवसाला दोनपेक्षा जास्त मुलाखती नाहीत. दुभाष्यालाही तेच लागू, कारण सगळं "मी" म्हणून तोच बोलत असतो: "मला मारलं", "मला विकलं". आमच्या दुभाषीला तिसऱ्या आठवड्यात झोप येईना, आणि अंदाजपत्रकात तिच्या समुपदेशनाची रक्कम नव्हती. ती मी टाकायला हवी होती. आठवड्यातून एकदा बाहेरच्या अनुभवी व्यक्तीशी बसून बोलणं हे कामाच्या वेळेत धरा.

९. माहिती सांभाळणं आणि मांडणं

नावं आणि सांकेतिक क्रमांक यांची जोडयादी वेगळ्या, कूटबद्ध जागी ठेवा, उत्तरांसोबत कधीच नाही. फोनवर काही ठेवू नका. मांडताना छोट्या संख्यांपासून सावध राहा. "अमुक देशाची, सोळा वर्षांची, घरकामातली, एक" असं कोष्टकात आलं की नाव न लिहिताही ती ओळखता येते. आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेने २०१७ मध्ये सुरू केलेल्या जागतिक माहितीसाठ्यात याच भीतीमुळे खऱ्या नोंदी जशाच्या तशा खुल्या केल्या जात नाहीत. त्यांच्या पद्धती वाचण्यासारख्या आहेत. उद्धृतांतही देश, काम आणि वय एकत्र देऊ नका.

पाठपुराव्याचा अभ्यास असेल तर गळती मोठी असते. वर सांगितलेल्या युरोपातल्या अभ्यासात पहिल्या मुलाखतीला २०७ जणी होत्या, दुसऱ्या फेरीत १७० आणि तिसऱ्या फेरीत ६३. जे राहिले ते बरे झाले, यावरून सगळे बरे झाले असं म्हणता येत नाही. गेलेल्यांची पहिल्या फेरीतली स्थिती स्वतंत्र दाखवा. एकदाच केलेल्या निरीक्षणात्मक अभ्यासासाठी स्ट्रोब आणि मुलाखतींसाठी कोरेक या तपासयाद्या लिहायच्या आधीच पाहा, नंतर भरायला गेलं की अर्ध्या गोष्टी नोंदवलेल्याच नसतात.

१०. निष्कर्ष परत नेणं

जागतिक आरोग्य संघटनेची दहावी शिफारस मिळालेल्या माहितीचा चांगला उपयोग करण्याची आहे. ती प्रबंध जमा केल्याने पूर्ण होत नाही. आम्ही दोन पानांचा सोपा अहवाल केला आणि निवारागृहात मोठ्याने वाचून दाखवला. ज्यांच्याबद्दल होता त्यांनी दोन ठिकाणी दुरुस्ती सुचवली. एक अशी की "उपचार नाकारले" असं आम्ही लिहिलं होतं, प्रत्यक्षात त्यांना उपचार मागायची परवानगीच नव्हती. दोन्ही वाक्यांचे उपाय वेगळे निघतात, म्हणून आम्ही तो पूर्ण भाग पुन्हा लिहिला.

त्याच बैठकीत निवारागृहाने प्रवेशाच्या तपासणीत दात आणि डोळे जोडायचं कबूल केलं. दंतवैद्य महिन्यातून एकदा येऊ लागले. जोडयादी कधी नष्ट करायची ही तारीख आम्ही संमतीपत्रातच लिहिली होती. ती तारीख आली तेव्हा आमच्यापैकी दोघींनी मिळून ती यादी पुसली आणि तशी नोंद समितीला पाठवली. तुम्हीही ती तारीख पहिल्याच दिवशी दिनदर्शिकेत लिहून ठेवा.